चाप ओढण्याआधीचा श्वास

१ ऑगस्ट २०२४. फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर पन्नास मीटर थ्री पोझिशन रायफलची अंतिम फेरी चालू होती. आठ जणांत एक होता स्वप्नील कुसाळे. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी, जिल्हा कोल्हापूर. नोकरी तेव्हा मध्य रेल्वेत, तिकीट तपासनिसाची. पात्रता फेरीत तो सातवा आला होता. गुडघ्यावर बसून मारायच्या पंधरा गोळ्या झाल्या तेव्हा तो सहावा होता, पालथं पडून मारायच्या पंधरा झाल्या तेव्हा पाचवा. मग उभ्याने नेम धरायची पाळी आली, म्हणजे तिघांतली सगळ्यात अवघड. एकेक जण बाद होत गेला आणि स्वप्नील तिसऱ्या जागेवर येऊन थांबला. ४५१.४ गुण, कांस्यपदक. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य मिळवलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक.

सामन्यानंतर पत्रकारांशी तो जे बोलला, त्यावर हे प्रकरण उभं आहे. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, काळा चहा पिऊन आलो. छाती जोरात धडधडत होती. श्वास ताब्यात ठेवला आणि वेगळं काही करायला गेलो नाही, अशा अर्थाचं त्याचं बोलणं होतं. मन शांत होतं असा दावा त्याने केला नाही. धडधड होती, पोटात गोळा होता, आणि तरीही साडेदहा मिलिमीटरच्याही आतल्या वर्तुळात पन्नास मीटरवरून गोळ्या जात होत्या.

तणावमुक्तीवरची बहुतेक पुस्तकं आधी मन शांत करायला सांगतात, म्हणजे काम आपोआप चांगलं होईल. माझ्या मते हा सल्ला उलटा आहे. मन हुकूम ऐकत नाही. ‘घाबरू नकोस’ असं स्वतःला बजावून कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. शरीरातल्या दोन-तीन गोष्टी मात्र हुकूम ऐकतात: श्वास, काही स्नायू आणि डोळे कुठे लावायचे ते. मोठ्या क्षणी चांगलं काम करणारी माणसं ताण घालवत नाहीत. या दोन-तीन गोष्टी हातात ठेवतात आणि बाकीचं शरीर काय गोंधळ घालायचा तो घालू देतात.

हा गोंधळ मुळात होतो कशाने, ते प्रथम पाहू. वॉल्टर कॅनन हा हार्वर्डचा शरीरशास्त्रज्ञ. विद्यार्थी असताना तो मांजरांना बिस्मथ घातलेलं खाणं देऊन क्ष-किरणांखाली त्यांच्या जठराची हालचाल बघत असे. पचन चालू असताना जठरावर एकामागून एक लाटा येतात. मांजर चिडलं किंवा घाबरलं की त्या लाटा जागच्या जागी थांबत. ते पुन्हा शांत झालं की पुन्हा सुरू. बाकीच्यांना ही प्रयोगातली अडचण वाटली असती, कॅननला त्यातच विषय सापडला. १९१५ साली त्याचं पुस्तक आलं, तोवर चित्र स्पष्ट झालं होतं: संकट दिसताच अनुकंपी चेतासंस्था जागी होते, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, काळीज जोरात चालू लागतं, यकृतातली साखर रक्तात येते, रक्त पोटातून निघून हातापायांच्या स्नायूंकडे जातं. लढायची किंवा पळायची तयारी. परीक्षेच्या सकाळी घशाखाली घास न उतरण्याचं कारण तेच आहे जे कॅननच्या मांजरांचं होतं. त्यात कमकुवत मनाचा काही संबंध नाही.

धावायचं किंवा कुस्ती खेळायची असेल तर ही तयारी वरदानच. नेमबाजाची मात्र पंचाईत होते. दहा मीटर एअर रायफलमध्ये निशाण्याचा मधला ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. काळजाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रायफलची नळी हलते. जाड, ताठर जाकीट घालायचं एक कारण हा हादरा अंगातच जिरावा हे असतं. श्वास घेताना छाती वर जाते तशी नळीही जाते. म्हणून नेमबाज अर्धा श्वास सोडतो, पुढचा श्वास यायच्या आत जो नैसर्गिक विराम असतो तो किंचित लांबवतो आणि त्या पाच-सात सेकंदांत चाप ओढतो. त्याहून जास्त थांबला तर नजर अंधूक होते, हात थरथरायला लागतो; मग शहाणा नेमबाज रायफल खाली घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९८७ साली हृदयाचा आलेख काढत नेमबाजांकडून गोळ्या झाडून घेतल्या. कसलेल्यांची गोळी दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात सुटत होती, नवख्यांची कधीही. पुढे दुसऱ्यांनी केलेल्या मापनांत हे इतकं नीटस दिसलं नाही, तेव्हा त्याची दंतकथा करायला नको. पण काळजाचा ठोका आणि नेम यांचं वैर खरं आहे. त्याचा पुरावा उत्तेजक द्रव्यांच्या यादीतही सापडतो.

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू या पिस्तूल नेमबाजाची दोन पदकं काढून घेण्यात आली. त्याच्या शरीरात प्रोप्रॅनोलॉल सापडलं होतं. ताकद वाढवणारं हे औषध नव्हे. रक्तदाबाच्या रुग्णांना दिलं जाणारं, ॲड्रेनलिनचा काळजावरचा परिणाम अडवणारं हे साधं औषध आहे. ठोके कमी होतात, हाताचा कंप थांबतो. म्हणून नेमबाजी आणि तिरंदाजीत त्याला बंदी. कार्यक्रमाआधी हात कापणारे कित्येक वादक ते पाश्चात्य देशांत डॉक्टरकडून लिहून घेतात, आणि त्यांचा अनुभव असा की हात कापायचे थांबले की भीतीही ओसरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ साली हेच उलट्या बाजूने मांडलं होतं: आपण घाबरतो म्हणून शरीर थरथरत नाही, शरीर थरथरतं आणि ते जाणवून आपण घाबरतो. त्याचं म्हणणं पूर्ण खरं ठरलं नाही, अर्धं मात्र अजून टिकून आहे.

गोळी न घेता हे काम करायचं तर दुसरा रस्ता काळजाकडेच जातो, वेगळ्या चेतातंतूने.

हृदयाला शरीरापासून तोडून मोकळं ठेवलं तरी ते स्वतःच्या लयीत धडकत राहतं, आणि ती लय साधारण मिनिटाला शंभर असते. मग बसल्या जागी आपली नाडी सत्तरच्या आसपास का लागते? कारण मेंदूच्या देठापासून निघून मान, छाती, पोट असा फिरणारा व्हेगस नावाचा चेतातंतू रात्रंदिवस लगाम खेचून असतो. शांतता म्हणजे नुसता ताणाचा अभाव नसतो; ती शरीर सतत करत असलेली एक कृती आहे. जिना चढायला लागल्यावर पहिल्या काही क्षणांत ठोके वाढतात ते ॲड्रेनलिनने नव्हे, लगाम सैल पडल्यामुळे.

हा लगाम चालतो कसा, याचा शोध झोपेत लागला. ऑटो लोवी हा ग्राझमधला औषधशास्त्रज्ञ. एका रात्री त्याला स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत त्याने तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं. या वेळी तो उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या काळजाचा व्हेगस त्याने विजेने चेतवला, ते मंदावलं. त्याभोवतीचा द्रव घेऊन दुसऱ्या बेडकाच्या काळजावर सोडला, तर तेही मंदावलं. म्हणजे चेतातंतू रसायन सोडून निरोप देतो. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगासाठी लोवीला १९३६चं नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन, आणि आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे त्याचा वेग. ते एका ठोक्याच्या आत काम करतं आणि लगेच विरूनही जातं. ॲड्रेनलिनचा कारभार संथ. चढायला वेळ लावतो, उतरायला त्याहून जास्त. चाप ओढायच्या आधी हातात पाच सेकंद असतील तर या पहिल्या यंत्रणेशिवाय दुसऱ्या कशाचा उपयोग नाही.

या यंत्रणेची दोरी आपल्या हाती येते ती श्वासातून. श्वास आत घेताना व्हेगसचा लगाम किंचित सैलावतो आणि ठोके वाढतात. सोडताना तो आवळतो आणि ठोके उतरतात. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास घेतलात तर तुम्हालाही हे जाणवेल. कार्ल लुडविगने १८४७ सालीच याची नोंद केली होती. श्वास मिनिटाला पंधरा असेल तर हे चढ-उतार बारीक असतात. तो सहावर आणला की रक्तदाबाची स्वतःची एक संथ लाट असते तिच्याशी त्याचं माप जुळतं आणि चढ-उतार सर्वांत मोठे होतात.

सहा हा आकडा प्रयोगशाळेच्या फार आधी प्रार्थनेत रुजलेला दिसतो. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली ‘आवे मारिया’ प्रार्थना जपमाळेवर म्हणायला लावली, आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्रही. दोन्ही वेळा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. एका दमात मावेल एवढं वाक्य म्हणायचं, हे सारखं. पहाटे खर्ज लावून बसणाऱ्या गवयाचंही शरीर हेच करत असतं. खालचा षड्ज दम पुरेतोवर लांबवायचा म्हणजे श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या कितीतरी पट करायचा. घराण्याच्या उस्तादांनी तो आवाजासाठी सांगितला, व्हेगसला त्याचं काय!

इथे लोणावळ्याला वळसा घ्यायलाच हवा, कारण योगातला हा भाग मोजून बघायची जगातली पहिली मोठी धडपड तिथे झाली. जगन्नाथ गणेश गुणे, पुढे स्वामी कुवलयानंद, बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले, खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले आणि नर्मदाकाठच्या माधवदासजींकडून योग शिकले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक. नौली करताना पोटाच्या आत दाब किती उतरतो, आसनात रक्तदाब कुठे जातो, हे ते दाबमापक आणि क्ष-किरण यंत्र लावून बघत. गुरूची आज्ञा आणि दाबमापकाचा आकडा यांत आकडा धरणारा संन्यासी, ही त्या काळात विरळाच गोष्ट.

त्यांचा एक निष्कर्ष तर आजही गल्लोगल्लीच्या योगवर्गांत पोचलेला नाही. प्राणायामाने शरीरात भरपूर जास्त प्राणवायू जातो, असं तेव्हा सांगत आणि आताही सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातल्या वायूंची मोजणी केली आणि प्राणायामाचं मोल प्राणवायूत नाही, चेतासंस्थेच्या वळणात आहे, असं मांडलं. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासानेही प्राणवायूने जवळजवळ भरलेलंच असतं. जोरजोरात श्वास घेऊन त्यात फारसं काही वाढत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडचं रक्त कमी होतं, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. घाबरलेल्या माणसाला ‘मोठ्ठा श्वास घे, अजून घे’ म्हणणारे हितचिंतक त्याची घाबरगुंडी वाढवतात ती अशी. त्याला सांगायचं असतं ते श्वास सोडायला.

मोजणीने काही चमत्कार खालीही उतरवले. काळीज थांबवणाऱ्या योग्यांच्या कथा युरोपात पोचल्या होत्या. तेरेझ ब्रॉस ही फ्रेंच हृदयतज्ज्ञ १९३५ साली यंत्र घेऊन भारतात आली आणि तसं होतं असं सांगत परतली. १९५७ साली वेंगर आणि बागची हे संशोधक चांगली उपकरणं घेऊन आले. योग्यांनी छातीतला दाब वाढवून श्वास कोंडला की नाडी लागेनाशी होई, ठोके ऐकू येईनासे होत. आलेखावर मात्र काळीज चालूच होतं. रक्त परत येणं अडल्यामुळे नाडी रिकामी पडे, एवढंच. हे वाचून योगाची किंमत कमी होते असं मला वाटत नाही. काळीज थांबवणं कुणाच्या काय कामाचं?

श्वासानंतर दुसरी हुकूम ऐकणारी गोष्ट म्हणजे स्नायू. शिकागोत काम करणारा एडमंड जेकबसन हा वैद्य वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे होता: माणूस ‘आराम’ करत असतानाही त्याचं अंग किती आवळलेलं असतं. त्याने स्नायूंतली अतिसूक्ष्म वीज मोजायची यंत्रं तयार करवली आणि दाखवलं की हात हलवायची नुसती कल्पना केली तरी त्या हातात विजेची हालचाल होते. त्याचं पुस्तक १९२९चं. रीत साधी: एकेक स्नायू आधी आवळायचा, तो ताण कसा लागतो ते ओळखायचं, मग सोडून द्यायचा. लोकांना ताणाची सवय इतकी झालेली असते की तो जाणवतच नाही. म्हणून आधी मुद्दाम आवळायचा.

ही रीत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांच्या शाळेत पोचली. दमलेले, झोप उडालेले तरुण वैमानिक चुका करत होते. कॅलिफोर्नियात त्यांना अंग सैल सोडायला शिकवणाऱ्यांत बड विंटर नावाचा धावण्याचा प्रशिक्षक होता. युद्ध संपल्यावर तो सॅन होझे स्टेट कॉलेजात परतला आणि तीच विद्या धावपटूंवर चालवली. शंभर मीटर धावणारा पोरगा जीव तोडून पळतो तेव्हा दात आवळतो, मुठी वळतो, मान ताठ करतो. या सगळ्या स्नायूंचा धावण्याशी संबंध नाही आणि ते पायांच्या लयीला आडवे येतात. विंटर सांगायचा, जबडा सैल, हात सैल. पूर्ण ताकद लावू नका, थोडी हातची राखून पळा. घड्याळात वेळ कमीच भरायचा. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये त्याच्या तालमीतला टॉमी स्मिथ दोनशे मीटर १९.८३ सेकंदांत, तर ली इव्हान्स चारशे मीटर ४३.८६ सेकंदांत धावला. दोन्ही जागतिक विक्रम. स्मिथ आणि जॉन कार्लोस पदक घेताना काळ्या हातमोज्यातली मूठ उंचावून उभे राहिले ते छायाचित्र सगळ्यांना आठवतं. त्यांच्या जबड्याकडे कुणी बघत नाही.

आता उलट बाजू. सगळ्याच कामांना शांतता लागते का? रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांना दोन पेट्यांतली योग्य पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. फरक ठळक असताना झटका जितका जोरात तितके उंदीर लवकर शिकले. फरक बारीक केला तेव्हा मध्यम झटक्याला सर्वांत चांगले शिकले, जोराच्या झटक्याला गोंधळले. व्यवस्थापनाच्या वर्गांत या उंदरांच्या नावावर ताण आणि कामगिरीच्या आलेखाची जी डौलदार टेकडी काढतात ती नंतरच्यांची कलाकुसर आहे. पण मूळ निरीक्षण विसरू नये: नेम, शस्त्रक्रिया, हिशोब अशा बारीक कामाला कमी उसळी पुरते, वजन उचलायला जास्त.

त्यातून एक सोयीचा डाव सापडला तो हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्सना. त्यांनी २०१४ साली छापलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांपुढे गायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. आधी काहींनी स्वतःशी ‘मी शांत आहे’ म्हणायचं, काहींनी ‘मला हुरूप आलाय’. हुरूपवाले सरस ठरले. धडधड दोघांचीही होती. घाबरणं आणि हुरूप येणं यांत शरीराची अवस्था जवळजवळ एकच असते, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणं सोपं. शांततेपर्यंतचा पल्ला लांब.

सचिन तेंडुलकरने २०२१ साली एका जाहीर संवादात सांगितलं की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं सामन्याआधी त्याला नीट झोप लागत नसे. पुढे त्याने झोपेशी झगडणं सोडलं. हा आपल्या तयारीचाच भाग आहे असं मानून घेतलं. रात्री उठून काहीतरी करावं, सामन्याच्या दिवशी चहा करावा, कपड्यांना इस्त्री करावी, बॅग भरावी; भावाने लावलेली ही सवय त्याने शेवटच्या सामन्यापर्यंत पाळली. ज्याला सारा देश थंड डोक्याचा म्हणे, त्याची पद्धत धडधड घालवायची नव्हतीच.

अभिनव बिंद्राचा मार्ग जास्त आडदांड. २००४च्या अथेन्समध्ये अंतिम फेरीत तो सातवा आला आणि पुढची चार वर्षं त्याने स्वतःच्याच शरीराचा अभ्यास केला. बायोफीडबॅकची यंत्रं लावून बसला. त्यात बोटाचं तापमान, घाम, ठोके समोरच्या पडद्यावर दिसतात आणि काय केलं की ते हलतात हे माणूस बघत बघत शिकतो. बीजिंगच्या आधी जर्मनीत तो सुमारे चाळीस फूट उंच खांबावर चढला. वर उभं राहायला पिझ्झाएवढी चकती. मध्यावर त्याचे पाय लटपटले, तरी वर गेला. भीती नाहीशी होते का बघायला हे केलं नव्हतं. भीती अंगात असताना हातपाय चालवायचा सराव हवा होता. ११ ऑगस्ट २००८ला शेवटची गोळी उरली तेव्हा तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन ६८९.७ गुणांवर बरोबरीत होते. हॅकिनेनला ९.७ मिळाले, बिंद्राला १०.८. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण. आठ वर्षांनी रिओत, तोच माणूस, तीच विद्या, आणि बरोबरी फोडायच्या गोळीवर १०.० विरुद्ध १०.५ असा हरून चौथा. या तंत्रांच्या जाहिराती करणारे बीजिंग सांगतात, रिओ गाळतात.

तिसरी हुकूम ऐकणारी गोष्ट नजर. ऐन वेळी पाय घसरतो तो बहुधा एकट्या भीतीने नाही, स्वतःवर पहारा ठेवल्याने. सियान बाइलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ साली गोल्फचा छोटा फटका घेऊन दाखवलं की दडपणाखाली अनुभवी हात आपल्या हालचालीचं एकेक पाऊल तपासू लागतात आणि त्यातच चुकतात. सराव झालेली कृती तुकडे करून पाहिली की अडखळते. स्वप्नीलचं वेगळं काही न करणं ते हेच. यावर उपाय म्हणजे लक्षाला बाहेर काम देणं. कॅलगरीच्या जोन व्हिकर्स यांनी १९९६ साली बास्केटबॉलच्या खेळाडूंच्या नजरेचा माग काढला. सरस खेळाडूंची नजर फेकीआधी कड्यावर एका जागी जास्त वेळ स्थिर राहत होती, कच्च्यांची भिरभिरत होती. स्टेजवर उभ्या वक्त्याने शेवटच्या ओळीतला एक चेहरा धरावा हा जुना सल्ला त्यामुळेच चालतो.

हे अंगी आणायचं कसं, हे आता थोडक्यात सांगतो, कारण करून बघण्याजोगी गोष्ट फार समजावून सांगितली की बिघडते. पाठ टेकवून बसा. नाकाने मनातल्या मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. आकडे सेकंदाच्या गतीने मोजले तर मिनिटाला सहा श्वास होतात. सोडताना रेटू नका, जाऊ द्या. चक्कर आली तर श्वास मोठे होतायत असं समजा, लहान करा. रोज दहा मिनिटं, आणि मुख्य म्हणजे जेव्हा काही बिघडलेलं नसेल तेव्हा. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची मुलं मुख्य परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्राणायामाच्या चित्रफिती बघायला लागतात. तोवर फार उशीर झालेला असतो. दडपणात तेच वापरता येतं जे आधी सवयीचं झालंय.

प्रत्यक्ष प्रसंगाला दहा मिनिटं नसतात. तिथे एक उसासा पुरतो. श्वास घ्या, तो पूर्ण होता होता वरून अजून थोडा घ्या, मग लांब सोडा. आपण सगळेच न कळत दर काही मिनिटांनी असं करतो, कारण फुप्फुसांतल्या मिटत आलेल्या वायुकोशिका त्याने उघडतात. स्टॅनफर्डमधल्या गटाने २०२३ साली शंभराहून थोड्या अधिक लोकांवर महिनाभर प्रयोग केला: रोज पाच मिनिटं असे उसासे टाकणाऱ्यांची मनःस्थिती, तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. अभ्यास छोटा आहे, पण खर्च शून्य आहे. त्याच्या जोडीला जबडा आणि खांदे सोडा, नजर एका जागी ठेवा, आणि नेहमी करता तेच करा.

हे सगळं काही मिनिटांच्या ताणासाठी आहे. चौदा तास राबवून घेऊन शुक्रवारी ध्यानाचा तास ठेवणाऱ्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या श्वासावर जे काम टाकतात ते खरं म्हणजे वेळापत्रकाचं असतं. रात्रीची झोप, पगार, साहेबाची जीभ यांवर चार-सहाच्या मोजणीचा इलाज नाही. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर श्वास कोंडून धरायचे प्रकार टाळावेत. नुसता सावकाश श्वास चालतो. आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, किंवा अचानक भीतीचे झटके येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं; सावकाश श्वास हा तिथल्या उपचारातही बरेचदा असतो, पण बाकीच्या उपचारासोबत. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर तो ताणच असेल असं धरून श्वास मोजत बसू नये. थेट दवाखाना गाठावा, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्यावी.